पाण्यात सोडण्याआधी

एका वर्षी आमच्या तळ्यात माशांचं खोटं बीज पडलं. व्यापाऱ्यानं रोहू-कतल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, म्हणून डबे आणले, त्यानंच ते तपासले, त्यानंच अस्सल म्हटलं. आम्ही मासेमार ढिवरांनी हळदकुंकू वाहून ते बीज पाण्यात सोडलं. उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा जाळ्यात करंगळीएवढे रानमासे आले, दुसरं काही नाही. आई रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला गेली. आम्ही पेज पिऊन शाळेत जायचो.

तेव्हापासून गावानं रीत पाडली. बीज आणणाऱ्याच्या शब्दावर जायचं नाही, शेजारच्या तळ्यावरचा माणूस बोलवायचा. तो पांढऱ्या ताटलीत पाणी घेई, चार बोटुकली सोडी आणि नुसता पाहत राही. ताटलीत आभाळ उतरलेलं असायचं. ढगांतून मासे जायचे. त्यानं मान हलवली की डबे तळ्यात.

पुढे मी बीएस्सी झाले. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायची तात्पुरती नोकरी मिळाली. मी येण्याआधी कुणीतरी ऑपरेटिंग सिस्टिमची बाजारातली चोरटी कॉपी टाकली होती, तिच्यातल्या व्हायरसनं सगळी मशीनं बसली होती. प्राचार्य सर म्हणाले, "मॅडम, प्रॅक्टिकलच्या आत लॅब सुरू करा. पुन्हा बिघडलं तर लॅबला कुलूप. मग तुमचं काय, ते मला सांगावं लागू नये."

मी चंद्रपूरच्या एका सायबर कॅफेतून फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेतली. कॅफेवाल्यानं सीडी दिली आणि तपासणीचा आकडाही त्यातच टाकून दिला. हा आकडा म्हणजे अख्ख्या फाइलीतून निघणारी आकड्या-अक्षरांची एक ओळ. फाइलीत एक ठिपका जरी बदलला, तरी ओळ सगळीच बदलते. कॉलेजच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी सीडीतल्या फाइलीची ओळ काढून पाहिली. कॅफेवाल्याच्या आकड्याशी जुळली. लॅबच्या पहिल्या मशीनमध्ये सीडी सरकवणार, तोच ती पांढरी ताटली डोळ्यांपुढे आली. बीज ज्याचं, तपासणीही त्याचीच. मी सीडी परत डबीत घातली.

नागपूरला माझी मैत्रीण शिकत होती, तिच्या कॉलेजात इंटरनेट होतं. तिला म्हटलं, ज्यांनी ही सिस्टिम बनवली त्यांच्याच साइटवरचा आकडा मला वाचून दाखव. ती संध्याकाळीच मोकळी असायची, आणि मोबाइलला रेंज आमच्या गावात फक्त तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, यायची. म्हणून सीडीतली ओळ मी पेनानं हातावर उतरवली, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि संध्याकाळी पाळीवर जाऊन उभी राहिले.

बाबा काठाशी डोंग्यात, आपल्या लहानशा होडीत, जाळं आवरत होते. "काय गोंदून आणलं वं माय? नवऱ्याचं नाव एवढं लांब?"

"बीज पाहून राह्यली बाबा. थांबा जरा."

मैत्रीण वाचू लागली. "सात..." माझ्या हातावर इंग्रजी 'बी' होता. पहिलंच अक्षर वेगळं. तरी मी तिला थांबवलं नाही. सात, डी, शून्य, चार, एफ... तिचा आवाज पाण्यावरून येत असल्यासारखा वाटत होता. कमळाच्या पानांवर पाणकोंबडी चालत होती, पलीकडे साग काळे होत होते, आणि एकेक अक्षर तळ्यात पडून विरत होतं. फाइल उतरवताना बिघडली होती की मधे कुणी काही घातलं होतं, ते मला आजही माहीत नाही.

"मंग?" बाबांनी विचारलं.

"खोटं हाय."

"मंग सोडू नको." एवढं बोलून ते पुन्हा जाळ्याकडे वळले.

सरांना मी सांगितलं की आणखी काही दिवस लागतील. ते म्हणाले, "सीडी तर आली ना? मग काऊन थांबल्या?" मी म्हटलं, "सर, तिचा आकडा जुळत नाही. ती टाकली तर लॅब पुन्हा बसू शकते. तुम्ही म्हणाल तरी मी टाकणार नाही." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रॅक्टिकलची तारीख पाहिली. मग म्हणाले, "बघा बुवा."

मैत्रिणीनं नागपुरात फाइल पुन्हा उतरवली आणि एसटीच्या कंडक्टरभाऊंच्या हाती सीडी पाठवली. मी पुन्हा ओळ काढली, हातावर लिहिली, पाळीवर गेले. ती बनवणाऱ्यांच्या साइटवरची ओळ वाचत गेली, मी हातावर बोट सरकवत गेले. सात, डी, शून्य, चार. कोपराशी बोट थांबलं, तिथलं अक्षरही तेच होतं. खाली उतरून मी हात पाण्यात घातला. शाई निळ्या धुरासारखी सुटली, तिच्यातून दोन बोटुकली पोहत गेली. डोंग्यातून बाबांनी नुसती मान हलवली.

त्या सत्राची प्रॅक्टिकल आमच्याच लॅबमध्ये झाली. एकही मशीन बंद पडलं नाही. पुढच्या वर्षी कॉलेजनं मला कायम केलं.