दुसरी चावी गाडीत आहे

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं मी म्हणणार नाही. सिंगापूरला पाया लेबार भागात एका कंपनीत सर्किट बोर्ड टेस्ट करायचं काम करते. बोर्ड खोटं बोलायला लागलं की कुठेतरी जोड सुटलेला असतो नाहीतर पाणी शिरलेलं असतं. शोधलं की सापडतंच. सापडलं नाही, असं एकदाच झालं. ते सांगते.

आम्ही पुंगोलला राहतो. मी आणि माझी मुलगी सई. नवरा, निलेश, जहाजावर सेकंड इंजिनीयर होता. गेल्या वर्षी भर समुद्रात, एका सकाळी तो जहाजावर नव्हता... ड्यूटीवर आला नाही म्हणून केबिन उघडली, तर ती रिकामी. जहाज मागे फिरवून शोधलं म्हणे. कंपनीने चौकशी केली, ‘स्वतःहून गेला असावा’, म्हणजे आत्महत्या, असं ठरवलं आणि मोकळी झाली.

आमच्या गाडीला दोन स्मार्ट चाव्या. चावी पर्समध्ये असली तरी चालतं, हँडलवरचं बटण दाबलं की दार उघडतं. एक माझ्याकडे असायची आणि एक निलेश जहाजावर न्यायचा. त्याचं सामान परत आलं त्यात ती नव्हती. कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं, घरीच राहिली असेल का? मी म्हटलं, माहीत नाही. हे नाशिकला माझ्या सासूबाईंच्या कानावर गेलं. त्यांचा फोन आला.

“चावी ठेवून गेला म्हणजे त्याला परत यायचंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “असं काय चाललं होतं गं तुमच्या घरात?”

काहीही चाललं नव्हतं. पण त्यानंतर त्या फक्त सईशी बोलायच्या. मी फोन लावून सईच्या हातात द्यायचा आणि स्वयंपाकघरात जायचं, असं आमचं ठरून गेलं.

आणि मग तो दिवा लागायला लागला.

डॅशबोर्डवर चावीच्या आकाराचा पिवळा दिवा असतो. चावी आत विसरून दार लॉक करायला गेलात की तो लुकलुकतो, गाडी बाहेरून बीप बीप करते आणि लॉक होत नाही. माझी चावी माझ्या हातात, आणि गाडी म्हणतेय चावी आत आहे. रोज नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी.

मी गाडी पालथी घालायला घेतली. भुताच्या भीतीने नव्हे. चावी खरंच गाडीत सापडली तर आई, म्हणजे सासूबाई, बरोबर आणि कंपनीही बरोबर... एवढंच डोक्यात. म्हणजे मी ती चावी शोधत होते, आणि सापडू नये म्हणून शोधत होते. सीटच्या फटी, स्पेअर टायरची जागा, सगळं हातांनी चाचपलं. नाही सापडली.

मग फॉल्ट शोधायला घेतला. माझ्या चावीचा सेल बदलला, गाडीची बॅटरी बदलली. उबीला एक वर्कशॉप आहे, तिथल्या अंकलनी सीट्स काढल्या, कार्पेट उचललं. खाली एसीचं पाणी झिरपून ओल आली होती आणि चावी ओळखणाऱ्या अँटेनाचा कनेक्टर हिरवा पडला होता. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! अँटेना नवीन टाकला, वायरी तपासल्या, पाणी बंद केलं. पुढच्याच आठवड्यात दिवा परत लागला.

अंकलनी स्कॅनर जोडला. स्क्रीनकडे बघून त्यांनी ती माझ्याकडे वळवली. दोन नंबरची चावी आत्ता उत्तर देतेय, असं त्यावर होतं. पहिली माझी. दुसरी निलेशची. त्यांनी पुन्हा अख्खी गाडी उघडली. काही नाही.

मशीन खराब असेल म्हणून दुसरं मशीन आणलं. तेही तेच सांगत होतं.

एका रविवारी दुपारी मी माझी चावी वर फ्लॅटमध्ये ठेवली आणि नुसत्या हातांनी खाली कारपार्कला गेले. सई सोबत होती. हँडलचं बटण दाबलं... दार उघडलं.

मी तिथेच उभी राहिले. सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “ममा, डोन्ट फिक्स इट, लाह.” तिला काय कळलं होतं, मी विचारलं नाही. मला राग आला होता. कोणाचा ते सांगता येणार नाही. असलास तर आईंकडे जाऊन बस ना, माझ्या गाडीत का, असंही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी अंकलना सांगून ती चावी गाडीच्या मेमरीतून काढून टाकणार होते. त्या रविवारीच संध्याकाळी एका अनोळखी माणसाचा फोन आला. मयेकर, निलेशच्या जहाजावरचा कुक, मूळचा रत्नागिरीचा. जहाज सिंगापूरला लागलं होतं. आम्ही पुंगोल स्टेशनजवळ भेटलो. त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर धरली. आत चावी होती.

इंजिनरूममधल्या तेलाने आणि उष्णतेने खराब होईल म्हणून निलेश ती त्याच्याकडे ठेवायला द्यायचा. ती गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, मसाल्यांच्या शेजारी एका डब्यात असायची, आणि एवढे महिने तिथेच होती. जहाज ब्राझीलपर्यंत जाऊन आलं. चौकशीत आपण अडकू नये म्हणून मयेकर गप्प बसला होता.

“वहिनी, आदल्या रात्रीसुद्धा जेवताना म्हणाले होते, सिंगापूर आलं की आठवणीने चावी दे,” तो म्हणाला. “हे मी कोणाला सांगितलं नाही. चुकलंच माझं.”

चावीचा सेल मेलेला होता. नवीन घातला, तर गाडी लगेच चालू झाली. मग ती मुद्दाम सीटवर ठेवली, बाहेर येऊन दार लॉक केलं. ना दिवा, ना बीप. गाडी निमूट लॉक झाली. माझी चावी आत ठेवून बघितली, तर व्यवस्थित ओरडते. निलेशची ठेवली की गप्प. अंकलनाही करून दाखवलं.

कंपनीला फोन केला. समोरचा माणूस फार नम्र होता. चावीमुळे रिपोर्ट बदलण्याचं कारण त्यांना दिसत नाही, म्हणाला. ज्याने ते शेवटचं बोलणं ऐकलं त्याचं नाव सांगू का, असं विचारलं, तर म्हणाला त्याची गरज नाही.

मग नाशिकला फोन लावला. या वेळी सईला दिला नाही. मयेकर जे बोलला ते शब्द न् शब्द सांगितलं. फोनवर आईंचा हुंदक्यासारखा आवाज आला. मला वाटलं, रडताहेत.

“यायचं होतं ना त्याला?” त्या शेवटी म्हणाल्या. “मग गेला कसा?”

आणि फोन ठेवला.

तुमच्यात इंजिनीयर लोक बरेच आहेत. कोणी म्हणेल सिग्नलचा गोंधळ, कोणी म्हणेल शेजारची गाडी. म्हणा. मी ते सगळं तपासलंय आणि त्या दिव्याचं कारण मला मिळालेलं नाही. पण खरं सांगू, त्याने माझी झोप उडालेली नाही. आईंनी जे विचारलं ना, त्याने उडाली आहे.