सत्तेचाळीस

संप मिटला असं आम्हाला कोणी कधी सांगितलंच नाही. बाबा कापडगिरणीच्या साचेखात्यात, मागावर होते, ते तीन वर्षं रोज सकाळी अंघोळ करून, शर्ट घालून खोलीतच बसायचे. आई लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांची देठं खुडायची. शाळा सुटल्यावर मीही जायचे. बोटांची आग व्हायची, त्याचं काही विशेष वाटत नसे. माझी नववी चालू होती आणि दहावीच्या क्लासची फी भरणं आमच्या घरात शक्य नव्हतं.

दादरला एका सरांचा गणिताचा क्लास होता. पोरं ओढायला त्यांनी व्हिडिओ गेमचं एक जुनं मशीन आणून ठेवलं होतं. पडद्यावर वरून गणितं पडायची. ती खाली टेकायच्या आत आकड्यांची बटणं दाबून उत्तर द्यायचं. वेग वाढतच जायचा. दिवाळीच्या आत जो तीन पातळ्या एकही चूक न करता पार करेल, त्याला दहावीचा क्लास फुकट. बाहेरच्यांना शनिवारी एक डाव मिळे. मी गेले.

एकोणचाळीस अधिक आठ. मनात लगेच आलं, सत्तेचाळीस. मी सात दाबला, मग चार. लाल दिवा. डाव खलास.

मागे इंग्लिश मीडियमची पोरं उभी होती. "ए व्हर्नाक, उलटं वाचतेस काय?" मराठी शाळेतल्यांना ते व्हर्नाक म्हणायचे.

पुढच्या शनिवारी त्रेसष्टला तेच झालं. आपल्या भाषेत एकक आधी बोलतात, दशक नंतर. जीभ जायची तिकडेच बोट जायचं. सर वाईट नव्हते. म्हणाले, "इंग्लिशमध्ये मोज. फोर्टी-सेव्हन. सरळ पडतं."

"मी मराठीतच मोजणार, सर."

"मग हरशील."

"हरले तर हरले."

घरी येऊन रडले मात्र. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग संपाच्या एका जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मशीनसारखी बटणं आखली. पाढे त्यांना तिसापर्यंत पाठ होते. ते गणित घालायचे, मी कागदावर बोट मारायची.

"तोंड गप ठेवू नको गो," ते म्हणाले. "तोंडान सात म्हण, बोटान चार दाब. सात तसोच धरून ठेव, मग सोड. साच्यावर सुताची एक कांडी संपता तवा दुसरी हातात तयार लागता. तसा."

आई म्हणाली, "बापलेक येडी झाली."

दोन महिने हेच. सगळ्यात वाईट एकोणनव्वद. तोंडात नव्वद येतं आणि बोट आठावर जायला हवं. बाबा ते मुद्दाम घालायचे. मी चुकले की हसायचे. त्या तीन वर्षांत ते हसलेले मी तेव्हाच पाहिले.

दिवाळीच्या आधीचा शेवटचा शनिवार. मी मशीनपुढे उभी राहिले आणि चांगलं मोठ्यानं मोजायला लागले. बावन्न. अडुसष्ट. एकोणऐंशी.

"ए, बाजार भरलाय काय?" मागून कोणीतरी म्हणालं. मी आवाज आणखी चढवला. तिसऱ्या पातळीवर गणितं दिसेपर्यंत खाली यायची. मी "सत्तेचाळीस" म्हणाले आणि बोट आधी चारावर पडलं. एकोणनव्वद आलं, तेही गेलं. मग पडदा थांबला आणि मशीन शिट्टी वाजवत राहिलं.

सरांनी आत येऊन पडदा पाहिला. "शेवटी इंग्लिशमध्ये मोजलंस ना?"

"नाही सर. सगळ्यांना विचारा. मराठीत."

ते मागच्या पोरांकडे वळले. त्यांच्यातल्या एकाने होकारार्थी मान हलवली. सरांनी टेबलावरची वही ओढली आणि माझं नाव विचारलं. आडनावासकट लिहून घेतलं.

दहावीचं वर्षभर मी त्या क्लासला पहिल्या बाकावर बसले. पुढे गणित घेऊन बी.एस्सी. केलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.