विजयाने न घेतलेली गाडी

विजया गेली, हे मला अण्णांनी फोनवर सांगितलं. अण्णा म्हणजे तिचे यजमान. "सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसली... आणि संपलं," एवढंच ते बोलले. आता महिना उलटून गेलाय. लोक तिच्याविषयी बोलताना शिरोली एमआयडीसीतली ओतकामाची फौंड्री वडिलांमाघारी तिनं कशी चालवली, हे सांगतात. ते खरंच आहे. मला मात्र आठवते ती आम्ही लाल स्पोर्ट्स कार बघायला गेलो होतो ती दुपार.

आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. पन्नाशी ओलांडल्यावर एक दिवस तिनं जाहीर केलं, "आता मी दोनच सीटची गाडी घेणार. जन्मभर सगळ्यांना मागं बसवून हिंडवलं की." तिच्या मनातलं मॉडेल आता बनत नव्हतं, त्यामुळे जुनीच शोधायची होती. बऱ्याच शोधानंतर शहराबाहेरच्या एका गृहस्थांकडे ती सापडली. आम्ही दोघी पोचलो, तर त्यांनी आमच्या मागं पाहत विचारलं, "साहेब न्हाई आले?"

"साहेब मीच," विजया म्हणाली, "किल्ली द्या."

गाडी देखणी होती. विजयानं ती सुरू केली आणि डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत राहिली. लग्नातली सनईसुद्धा कुणी इतक्या कौतुकानं ऐकत नसेल. मग उतरून तिनं कामाला सुरुवात केली. दारांच्या कडांवरून बोटं फिरवली, खाली वाकून पत्रा बघितला. शेवटी सीटचा पट्टा धरला आणि ओढत राहिली, पार टोकापर्यंत. एरवी आत गुंडाळलेला असतो त्या भागावर तपकिरी डागाची सरळ रेघ होती. तिनं पायाखालचा गालिचा उचलला. कोपऱ्यात बारीक गाळ वाळून बसला होता.

"पुरात होती ही," ती म्हणाली.

गृहस्थ आधी नाही म्हणाले, मग पायानं गालिचा सारखा करू लागले. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. एक तरुण जोडपंही गाडी बघायला आलं होतं. गृहस्थ घाईनं आमच्याजवळ सरकले. "बाई, तुम्हाला निम्म्यात देतो. तुमच्याकडं माणसं असतील, दुरुस्त करून घ्याल. फक्त ह्यांच्यासमोर बोलू नका. तुम्ही न्हाई घेतली, तर ह्यांना तरी द्यायला पायजे मला."

विजयानं गाडीकडं पाहिलं. बराच वेळ. मला वाटलं, घेते आता. ती जोडप्याकडं वळली. "पावणं, ही गाडी पाण्यात बुडालेली हाय. आतली वायरिंग कधी दगा देईल सांगता यायचं न्हाई. घ्यायची तर कळून घ्या."

जोडपं आल्या पावली परतलं. गृहस्थ लालबुंद झाले. "तुमचं काय जात होतं बाई?"

"माझं जातंय की! मला हीच पायजे होती." एवढं बोलून तिनं किल्ली त्यांच्या हातात ठेवली. निम्म्यातही घेतली नाही. परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली, "आवाज काय गोड होता गं..."

पुढं काही महिन्यांनी त्याच गृहस्थांचा तिला फोन आला. लाल गाडी त्यांनी भंगारात काढली होती. ओळखीच्या एका डॉक्टरांकडं तसलीच गाडी विक्रीला होती, करड्या रंगाची. "ही कोरडी हाय," ते म्हणाले, "तरी येऊन काय ओढायचं ते ओढून बघा." विजयानं अर्धा दिवस ती तपासली आणि घेतली. मग गेल्या महिन्यापर्यंत जवळजवळ रोज चालवली.

परवा अण्णांकडं गेले. त्यांना गाडी चालवता येत नाही. उभ्या उभ्या बॅटरी उतरेल म्हणून त्यांनी मला चक्कर मारायला सांगितलं. विजया बुटकी, माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट मागं घेऊ की नको, या विचारात मी थबकले.

"सरकवा की," अण्णा शेजारी बसत म्हणाले, "गाडी चालायला पायजे."

मी सीट मागं घेतली, गाडी सुरू केली आणि पहिला गिअर टाकला.

"हळू गं, विजू," अण्णा म्हणाले.

गाडी अजून फाटकाच्या आतच होती.