दोरीला हात

मी गाव सोडलं त्या सकाळी रापण लागली होती. तुम्हा गाववाल्यांना सांगायला नको, पण नातवंडं वाचतील म्हणून सांगते. होडीतून समुद्रात मोठं जाळं अर्धगोल सोडायचं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून सगळ्या गावानं मिळून ओढायची, ती रापण. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. आमचे हे मासळीचा टेम्पो चालवायचे, कोल्हापूरला बिऱ्हाड करायचं ठरलं होतं, आणि बर्फ वितळतोय म्हणून हे सारखा हॉर्न वाजवत होते. मी म्हटलं, वाजवा. ट्रंक वाळूत ठेवली, नव्या साडीचा पदर खोचला आणि जाऊन दोरी धरली.

बाबा रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. मासळीचे वाटे घालताना त्यांनी माझाही एक घातला. मी म्हटलं, बाबा, मी तर चालले. वर न बघताच ते म्हणाले, "दोरयेक हात लावलंस मा? मगे वाटो घे."

आमच्या किनाऱ्याचा कायदा एवढाच. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो शाळकरी पोर असो, नाहीतर पत्रं टाकायला आलेला पोस्टमन. मांडीवर वाट्याला आलेल्या बांगडा मासळीची पिशवी घेऊन मी घाट चढले. पाणी गळून साडीचं वाटोळं झालं, पण पिशवी खाली ठेवली नाही.

कोल्हापुरात पहिल्याच दिवशी घरमालकीण अक्का दारात येऊन म्हणाल्या, "पावणं, च्या घ्या की." मला वाटलं, या बाईला आम्ही पाहुणे वाटलो, दोन दिवसांत जातील अशा हिशेबानं बोलतेय. मी चांगलीच फणकारले. म्हटलं, आम्ही पाहुणे नाही, खोली भाड्यानं घेतलीय. अक्का हसून हसून जोत्यावर बसल्या. इथं सगळ्याच अनोळखी माणसांना पावणं म्हणतात हे मला महिन्यानं कळलं. त्या फणकाऱ्यातून आमची जी मैत्री झाली ती आजवर आहे.

मग मी बाजारात मासळीची पाटी लावली. हे गेले, गुडघे गेले, पाटी आहे. सुरुवातीला इथल्या लोकांना सगळी मासळी एकच वाटायची. मटण नसलं की मासं. मी एकेकाला शिकवलं. हा बांगडा, ही तारली, हिला काटे फार पण चव बघा. पावसाळा सरला की तारली इतकी यायची की टेम्पोच्या मागे कावळे लागायचे.

आणि मग यायची थांबली. एकदम नाही. एक वर्ष कमी, एक वर्ष बरी, मग तीन वर्षं पाटीत तळ दिसायला लागला. गिऱ्हाईक विचारायचं, "बांगडा रुसला व्हय मावशी?" गावाकडून फोन यायचा की रापणीत जेलीफिश भरलेत, नाहीतर फुगणारे केंड. जाळं फाडतात आणि खाताही येत नाहीत. हवामानखात्याचा इशारा आला की होड्या वर, तो उतरतोय तोवर दुसरा. भाची मासेमारीचं शिक्षण घेतेय, ती म्हणाली, आत्ये, पाणी तापलंय. थंड पाण्याची सवय असलेली मासळी खोल गेली, काही वर उत्तरेकडं सरकली. मला हसूच आलं. म्हटलं, म्हणजे तारलीनंही ट्रंक भरली म्हण की.

हसले खरी. पण त्या तापलेल्या समुद्रानं मला इथंही सोडलं नाही. ढग असे फुटले की पंचगंगा आमच्या गल्लीत आली आणि मी अक्कांसोबत शाळेच्या वर्गात राहिले. भाची म्हणाली, हे पाणी तिकडूनच उचललेलं. मी बाकावर बसून खिडकीतून बघत होते. मी घाट चढून आले, आता समुद्र घाट चढून माझ्या दारात आला होता. त्याला म्हटलं, ये बाबा. पण मी आता आणखी कुठं जाणार नाही.

त्याच वर्षी सुरेशचा, माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. होडी आणि किनाऱ्यावरचा मांगर विकायचं ठरलंय. मांगर म्हणजे जाळी ठेवायची आमची शाकारलेली शेड. बाबा तिथंच बसून जाळी विणायचे. कुणा हॉटेलवाल्याला ती जागा हवी होती. मी म्हटलं, विकायचा नाही. तो म्हणाला, "ताई, गेलल्याक वाटो नाय."

चुकीचं बोलला नाही हो. दोरीला हात नाही त्याला वाटा नाही, कायदा बाबांचाच. मी फोन ठेवला आणि दिवसभर पाटीवर गिऱ्हाइकाला हाक न मारता नुसती मासळी कापत राहिले. गिऱ्हाइकांना वाटलं, मावशीला ताप आला.

सुरेशची बायको संगीता मात्र शांत बसणारी नाही. तिनं सुरेशला एक मोसम थांबायला लावलं, आणखी काही बायकांबरोबर प्रशिक्षण घेतलं आणि खाडीत बांबूचा मांडव घालून शिनाणे लावले. शिनाणे म्हणजे हिरवे शिंपले, आतलं मांस खायचं. त्यांची पिल्लं दोरीला सुती कापडात गुंडाळून पाण्यात सोडायची. कापड कुजतं तोवर ती दोरीला चिकटतात, आणि वाढली की पावसाआधी काढायची. माल छान आला, पण सगळ्याच गावांत एकदम आला. घेणारा नाही. सुरेश म्हणाला, बघितलंत? या मोसमात नाही खपले तर मांगर विकणार.

दोरी म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी संगीताला सांगितलं, शिनाणे ओल्या पोत्यांत भरून मासळीच्या टेम्पोत टाक.

कोल्हापूरनं काय स्वागत केलं म्हणता. एक जण म्हणाला, "मावशी, खडं इकाय लागलायसा?" एका पैलवानानं हौसेनं नेले आणि मटणासारखे कुकरला लावून चार शिट्ट्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी कुकरच घेऊन आला. "ह्यो टायर कुठल्या गाडीचा म्हणायचा?" सगळा बाजार हसला. मीही हसले, आणि पोती परत ओढत घरी नेली.

अक्कांनी एक शिंपला उचलून वास घेतला. म्हणाल्या, तुमच्या नारळाच्या कौतुकानं इथं काय व्हायचं न्हाय. त्यांनी तव्यावर कांदालसणाची चटणी घातली, शिंपले टाकले, झाकण ठेवलं. मी फक्त एवढंच बघत होते की तोंड उघडलं रे उघडलं की गॅस बंद. बाबा असते तर पाठ फिरवून बसले असते. मी तो डबा पाटीवर उघडला आणि पहिला घास पैलवानाला दिला. त्यानं सावकाश चावला. मग म्हणाला, "आता कुकर न्हाय लावत." त्यानं तालमीतली पोरं आणली, पोरांनी आया आणल्या. मोसम संपला तेव्हा पोती रिकामी होती.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पुढच्या वर्षी खाडीचं पाणी इतकं तापलं की कितीतरी दोऱ्यांवर नुसते मेलेले शिंपले. बायका रडल्या, आणि मग दोऱ्या जिथं पाणी खोल आहे तिथं हलवल्या. तारली अजून पूर्वीसारखी नाही. बोटभर सुरमईची पिल्लं घेऊन व्यापारी येतात, मी पाटीला लावू देत नाही. गिऱ्हाईक रागावलं तर रागावू दे. समुद्र बदलला म्हणून आम्ही हातावर हात ठेवून त्याच्याकडं बघत बसायचं की काय?

गेल्या मोसमात सुरेश स्वतः टेम्पोतून आला. पाटीमागं उभा राहून बघत होता. पैलवान त्याला म्हणाला, "सरका की पावणं." सुरेश जरा ताठच झाला. "पावणो नाय, हिचो भाव." मग त्यानं टेम्पोच्या सीटखालून शिनाण्यांची एक वेगळी पिशवी काढून माझ्या हातात दिली. मी तोलायला घेतली, तर म्हणाला, "ती इकूची नाय, ताई. तुझो वाटो."

मांगर आहे. त्यात आता बांबू आणि दोऱ्या असतात.

घर कुठलं, असं मला दोन्हीकडचे लोक विचारतात. तिथं माझी खोली उरली नाही, आणि इथल्या खोलीच्या भिंतीवर पुराची रेघ आहे. पण तिथं वाटे घालताना माझं नाव घेतात. माझ्यापुरतं घर ते. तुम्ही कुठंही गेला असाल, दोरी लांब असते, धरा.

ती पिशवी मी मांडीवर घेऊनच रिक्षातून घरी आले. साडी भिजली. संध्याकाळी सुरेश जेवायला बसला, ताटात बघितलं, आणि नारळाऐवजी लाल चटणी बघून थांबला. मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. त्यानं सगळं पुसून खाल्लं आणि निघताना अक्कांना विचारलं, थोडी चटणी बांधून द्याल काय.