अधिष्ठान आणि आतली कडी

मी आयुष्यात एकदाच पूर्ण एक तास न हलता ध्यान केलं आहे, आणि त्याबद्दल बायकोने मला अजून माफ केलेलं नाही.

त्याचं असं झालं. मी दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जाऊन आलो होतो. तिथे 'अधिष्ठान' नावाचा प्रकार असतो. तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. खाज आली तर खाजवायचं नाही. ती येते आणि जाते, एवढंच समतेने, म्हणजे न चिडता, बघायचं. (माझी यायची, जायची नाही!) दहा दिवसांत एकदाही मला तास पुरा करता आला नाही. बाजूला बसणारे ऐंशी वर्षांचे आजोबा मात्र रोज पुरा करायचे. मला त्यांचा मनोमन राग यायचा.

म्हणून परत आल्यावर एका सोमवारी, सकाळी आठला, डिलाईल रोडच्या चाळीतल्या आमच्या एका खोलीच्या घरात पलंगावर मांडी घातली. माझी बायको सुप्रिया गाऊनवरच मुलीला स्कूलबसपर्यंत सोडायला खाली निघाली होती. दहा वाजता बँकेत तिची प्रमोशनची मुलाखत होती. जाताना म्हणाली, "दार नुसतं लोटून ठेव हां. कडी घालू नकोस."

चाळीत नुसतं लोटलेलं दार म्हणजे आमंत्रण. कुणी कोथिंबीर मागतं, कुणी चार्जर. मी कडी घातली आणि डोळे मिटले. ती आली की उघडायचं, असं ठरवलं होतं. शपथेवर सांगतो!

दहा मिनिटांत दार वाजलं. "अरे संदीप, उघड."

उठणारच होतो. पण पाय अजून दुखत नव्हते. असा दिवस माझ्या नशिबात पुन्हा येणार नव्हता. म्हटलं, आणखी पाचच मिनिटं.

पाच मिनिटांनी आवाज गॅलरीतल्या खिडकीतून आला. "संदीप, साडी आत, फाइल आत, फोन आत. पावणेनऊला निघायचंय मला."

मग शेजारच्या परबकाकी आल्या. "गो, हो हलणा नाय," त्या म्हणाल्या. "बरो आसा मा?"

"बरा आहे, काकी. ध्यान करतोय," सुप्रिया म्हणाली.

"मेल्याक आजच सुचला?"

साडेआठपर्यंत अख्खा मजला खिडकीशी. कुणी म्हणालं, अटॅक असेल. कुणी म्हणालं, फायर ब्रिगेडला फोन करा. आता डोळे उघडायचे तर एवढ्या लोकांच्या तोंडाला तोंड द्यायचं. त्यापेक्षा मिटलेलेच बरे. आणि एका माणसाला स्वतःच्या घरात एक तास मिळू नये? मी आतून इतका भडकलो होतो की समतेच्या सरावाला भरपूर वाव होता!

काकींनी कपडे वाळत घालायची काठी आणली. आधी ती माझ्या बरगडीत खुपसली. (टोचणं आलं. टोचणं गेलं. पुन्हा आलं.) मग कपाटाला अडकवलेली साडी काठीवर उचलली, ती माझ्या डोक्यावरून फरफटत बाहेर गेली. फ्रिजवरची फाइल ओढताना मात्र उघडली. पंखा चालूच होता. फाइल गजांतून बाहेर गेली आणि एक कागद अलगद माझ्या मांडीवर येऊन पडला.

"डोळे उघडू नकोस, पाय हलवू नकोस," सुप्रिया म्हणाली, "फक्त हात पुढे कर. माझं डिग्रीचं सर्टिफिकेट आहे ते." तिचा आवाज रडवेला झाला होता.

पण अधिष्ठानात हातही धरलेला आहे. मी हललो नाही.

थोड्या वेळाने बाहेर शांतता पसरली. मला वाटलं, अखेर लोकांना साधनेचं महत्त्व पटलं. नऊला मोबाइलची घंटा वाजली. डोळे उघडून मी प्रसन्नपणे म्हणालो, "सर्वांचं मंगल होवो."

खिडकीत फक्त परबकाकी होत्या. हातात काठी.

"गेली ती," त्या म्हणाल्या. "ब्लाउज माझ्या सुनेचो, चपला माझ्यो. आणि तो कागद तुझ्या मांडयेर."

दहा दिवसांची सगळी समता तिथेच संपली. खूप लाज वाटली. टॅक्सी करून मी सर्टिफिकेट बँकेत पोचवलं. सुप्रियाने ते घेतलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. तक्रार विभागाची प्रमुख झाली होती. काकींना दोन पेढे, मला शून्य.

"मुलाखतीत काय विचारलं?" मी जपून विचारलं.

"अडेल गिऱ्हाइकांना हाताळायचा अनुभव आहे का, म्हणाले."

"मग?"

"सकाळचं सगळं सांगितलं. साहेबांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, बस मॅडम, आमची गिऱ्हाइकं निदान हलतात तरी."