खिडकीतला दहावा माणूस

दहा माणसांची वाट बघण्यात उभी हयात घालवलेला गृहस्थ सगळ्या वसई तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझा चुलत दीर. लोक बढतीची वाट बघतात, मुलीच्या स्थळाची बघतात, नळाला पाणी यायची बघतात. आमचे भाऊजी दहाव्या माणसाची बघत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. शनिवारी चूल पेटवत नसत, तेलाचा घाणाही बंद ठेवायचे म्हणून ज्यांना गावाने ‘शनवार तेली’ म्हटलं, त्यांची आम्ही पतवंडं. सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय होत नाही. नऊ जमले तर ते नुसतं चहापान. बायका पंचवीस बसल्या असल्या तरी हिशेबात धरत नाहीत. हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही, पण तो वाद मी देवाशी समोरासमोर घालणार आहे, इथे नको.

मुंबई-ठाण्याला आमची मोठी देवळं, म्हणजे सिनेगॉग, होती, पण भाऊजींचा हट्ट असा की विरारमध्ये आपण राहतो, तर विरारमध्ये आपली प्रार्थना झाली पाहिजे. त्यासाठी फुलपाड्यातल्या आपल्या फ्लॅटचा पुढचा हॉल त्यांनी देवाला देऊन टाकला होता. सण आला की त्यांचा सोफा, टीव्ही आणि फिशटँक आमच्या घरात यायचं, कारण आम्ही त्याच मजल्यावर समोर. जाऊबाई लवकर गेल्या, मुलगी लग्न होऊन इस्राएलला, त्यामुळे भाऊजींचं जेवण, औषधं आणि फिशटँक असं तिन्ही माझ्याकडे होतं.

माणसं गोळा करायची त्यांची पद्धत मोठी न्यारी. दारावरच्या पाट्या वाचत हिंडायचे. आता वसईत हा उद्योग करणं म्हणजे काय ते वसईकरालाच कळेल! इथे दर चार दारांमागे डॅनियल, सॅम्युएल, जोसेफ. सगळे ख्रिस्ती, पण भाऊजींची आशा चिवट. एकदा कळंबच्या बाजूला ‘सॉलोमन’ अशी पाटी दिसली, तर यांनी बेल वाजवून थेट विचारलं, “शनिवारी चूल पेटवता का हो?” त्या भल्या माणसाला वाटलं गॅस एजन्सीकडून आलेत. त्याने बसवलं, केक दिला, घरची वाइन दिली. भाऊजी संध्याकाळी लालबुंद होऊन परत आले आणि सोफ्यावर टेकत म्हणाले, “वहिनी, माणूस लाखात एक. पण दहात बसत नाही.”

चौकटीचंही तसंच. आमच्या दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा असते. लहानशी नळी, आत चर्मपत्रावर लिहिलेली प्रार्थना. येता-जाता तिला बोटं लावायची आणि बोटांचं चुंबन घ्यायचं. भाऊजींचा हात इतका सरावलेला की दार कुणाचंही असो, तो चौकटीवर जायचाच. दाताचा डॉक्टर, रेशनचं दुकान, सोसायटीचं ऑफिस, कुणाची चौकट सुटली नाही. खालच्या मजल्यावरची ख्रिस्ती शेजारीण एकदा म्हणालीच, “अंकल, आमच्या चौकटीचा तेवढाच रंग उडालाय. पुढच्या वेळी दोन्ही बाजूंनी करा, एकसारखं दिसेल.” आणि अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी मावशी तर त्यांना बघूनच टोपली झाकायची. आमच्यात खवल्यांचा मासा चालतो, कोळंबी-शिंपल्या नाहीत. भाऊजी चष्मा पुसून माशाला उलटा-सुलटा करत. “खवलं दाखव.” मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणायची, “भाऊ, तुला मासली खायाची हाय का तिच्याशी लगीन लावायचं हाय? आन जरा पानी पाज मला, तुझी तपासनी होईस्तवर.”

असा हा सगळ्याला हात लावणारा माणूस, आणि त्यात आला स्वाइन फ्लू. दोन हजार नऊचं ते साल. शाळा बंद, दहीहंडीला शुकशुकाट, पुण्याच्या बातम्या ऐकून लोक शिंकायला घाबरत होते. मी तेव्हा पन्नाशीची होते, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं वय. मी बिल्डिंगमधल्या प्रत्येकाच्या छातीवर कापूर-वेलचीची पुरचुंडी टाचली. आमच्या जिन्याला कुणीतरी कापराची खीर केल्यासारखा वास मारायचा. मग मी जुन्या पडद्यांचे मास्क शिवले. पडदे फुलाफुलांचे होते, त्यामुळे आमचे हे बँकेत गेले की मॅनेजर त्यांच्या नाकावरचा गुलाब बघत बसायचा. माझ्याही तोंडावर मास्क होता. तोंड मात्र बंद नव्हतं.

मी पहिलं फर्मान काढलं ते हातबोशीवर. प्रार्थना संपली की आमच्यात एकमेकांच्या बोटांना बोटं लावतात आणि आपापल्या बोटांचं चुंबन घेतात. थोरांपासून सुरू होऊन सगळ्यांत फिरत जातं ते. मी म्हटलं, “यंदा नाही. हा देवाचा आशीर्वाद नाही, तापाचा पत्ता आहे.” आमच्या नव्या वर्षाच्या सणाला भाऊजी हातात लांब दांड्याची छत्री घेऊन उभे. मूठ त्यांच्याकडे, टोक समोरच्याकडे. ज्याने त्याने छत्रीला बोट लावायचं आणि ते आपल्या ओठांना. “वहिनी, हातभर अंतर आहे, मोजून घ्या.” छत्री एक आणि बोटं सगळ्यांची, हे माझ्यासारख्या आरोग्याधिकाऱ्याच्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी!

त्यानंतर आली दारफळणी. हा आमचा वर्षातला सगळ्यांत मोठा उपास. पांढरे कपडे घालून, दार लावून दिवसभर प्रार्थना, बाहेरच्याला शिवायचंसुद्धा नाही अशी जुन्यांची चाल. त्या वर्षी तिचं महत्त्व भाऊजींच्या दृष्टीने वेगळंच होतं. नालासोपाऱ्याचे दोघे भाऊ सण उरकले की कायमचे इस्राएलला निघणार होते. ते गेले की विरारमध्ये दहा जमायचे नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे ही शेवटची. भाऊजींनी एकेकाला फोन करून करून दहाची मोट बांधली होती. आमचे हे, आमचा मुलगा, अर्नाळ्याचे थकलेले काका, सगळे मोजून धरलेले, एकही जास्तीचा नाही.

आणि आदल्या दिवशी दुपारी समोरच्या दारातून शिंक ऐकू आली. मग दुसरी. मी मास्क लावून गेले, तर भाऊजी नाक पुसत बसलेले, कपाळ कोमट.

“बर्फ घातलेलं मनुकांचं सरबत प्यायलो हो काल, दुसरं काही नाही.”

“ते काही असो. तुम्ही आतल्या खोलीत. दार बंद.”

“मी आत गेलो तर बाहेर नऊ राहतात, वहिनी.”

एवढंच म्हणाले. एरवी माझ्याशी तासभर भांडणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला नाही. तरी मी ढिम्म हलले नाही. अर्नाळ्याच्या काकांची छाती आधीच कमजोर होती. आमचे हे आम्हा दोघांच्या मध्ये उभे, नाकावर गुलाब. शेवटी भाऊजीच उठले. “खिडकी! भिंतीआडचा माणूस खिडकीतून तोंड दाखवत असेल तर दहात धरतात. मी ऐकलंय.” ह्यांनी ठाण्याच्या एका जाणत्या वडीलधाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, धरतात, पण तोंड दिसलं पाहिजे. मी म्हटलं, मास्क निघणार नाही. भाऊजी म्हणाले, मास्क म्हणजे तोंड नव्हे. बरीच हुज्जत झाल्यावर तोड निघाली ती अशी: हॉल आणि गॅलरीमधल्या खिडकीची काच घट्ट लावायची, भाऊजींनी गॅलरीत बसायचं आणि काचेमागे तोंड उघडं ठेवायचं.

म्हणून त्या दारफळणीला भाऊजींच्या घरात नऊ पुरुष आत होते आणि एक काचेत. अर्नाळ्याचे काका काचेपलीकडे जाईल अशा आवाजात प्रार्थना चालवायचे आणि चुकले की काचेमागे भाऊजींच्या भुवया वर जायच्या. काका बिचारे ओळ पुन्हा घ्यायचे. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. पांढराशुभ्र सदरा घालून, सगळ्या विरारकडे पाठ करून, स्वतःच्याच घरात डोकावत बसलेला माणूस बघून खालची शेजारीण न राहवून ओरडली, “अंकल, आंटीने घराबाहेर काढलं काय तुम्हाला?”

“मोजणीत आहे मी!” भाऊजी मान न वळवता म्हणाले. “हाक मारू नकोस, हललो तर नऊ होतील.”

दुपारी ऊन गॅलरीत आलं, तेव्हा मी बाहेरच्या जाळीला ओली चादर बांधली. आजाऱ्याला उपास माफ असतो, पाणी तरी घ्या, म्हणून खुणा केल्या. त्यांनी बोट हलवलं. पुढे केव्हातरी कपाळ काचेला टेकून त्यांचा डोळा लागला. आमचे हे कुजबुजले, “झोपलेला माणूस धरतात का गं?” त्या दिवशी फोनला हात लावायचा नसतो, त्यामुळे विचारणार कुणाला? मग माझ्या मुलाने काचेवर हळूच टकटक केलं.

अंधार पडल्यावर शेवटी शिंग फुंकायचं असतं, आणि ते फुंकता यायचं फक्त भाऊजींना. ते उठले, आमच्याकडे पाठ केली आणि गॅलरीच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी असा लांब, अखंड सूर लावला की रस्त्यावरची कुत्री गप्प झाली. समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. आत नालासोपाऱ्याचे भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते.

दोन दिवसांत भाऊजी ठणठणीत. पुढच्या आठवड्यात ताप आला तो मला, पुरचुंडीसकट.

ते भाऊ गेले. पुढच्या दारफळणीला आठ झाले, त्याच्या पुढच्या वर्षी सहा. भाऊजी सोफा मात्र दर सणाला आमच्याकडे हलवायचे आणि संध्याकाळपर्यंत गॅलरीतून रस्त्याकडे बघत उभे राहायचे. शेवटी मुलीने त्यांना इस्राएलमध्ये, आपल्याकडे अश्दोदला नेलं. फिशटँक आमच्याकडेच राहिला.

तिथल्या पहिल्या दारफळणीनंतर त्यांचा फोन आला. मी विचारलं, “काय भाऊजी, आता तरी दहा मिळाले ना?”

“दहा? अहो, इथे जिन्यात उभं राहिलं तरी पन्नास मिळतात,” ते म्हणाले. “मी उशिरा पोचलो, वहिनी. कुणी माझ्यासाठी थांबलंच नव्हतं.”