तपासनीसबाईंची एकच चूक

समोर आलेल्या कुठल्याही गोष्टीत चूक काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कोथरूडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात आम्ही दोघं सुट्टीतले इंटर्न; मी ॲप लिहायचो, ती तपासायची. म्हणून सगळे तिला ‘तपासनीसबाई’ म्हणत. वय अठरा, पण चष्म्यावरून अशी बघायची की ऑफिस चालवणारे सरसुद्धा शर्टाची बटणं चाचपत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बिबवेवाडीहून पहिल्या दिवशी चुलतभावाच्या लग्नातला चकचकीत जांभळा शर्ट घालून गेलो.

“वऱ्हाड कुठे उतरलंय?” तिने विचारलं.

“आमच्याकडे चांगल्या कामाला चांगला शर्टच घालतात,” मी ताठ मानेने सांगितलं. त्या दिवशी तिने पुढे चूक काढली नाही.

काम होतं दातांच्या एका डॉक्टरांच्या ॲपचं. पेशंटला आठवणीचा मेसेज जातो का, हे बघायला आम्ही एकमेकांनाच मेसेज पाठवायचो. आधी, ‘उद्या अकराला दात दाखवायला या.’ मग हळूहळू तिचा यायचा, ‘आज केस बरे विंचरलेस. पोचला का?’ मी लिहायचो, ‘पोचला.’ तोंडावर मात्र, “तुझं ॲप परत अडकतंय,” एवढंच.

एकदा धीर करून मी पाठवलं, ‘शनिवारी पाचला डोसा खायला येतेस? चाचणी.’ दोन दिवस उत्तर नाही. माझं जेवण कमी झालं. आईला वाटलं, साहेब फार राबवतो.

मग आलं: ‘येते. वेळेवर ये. तो जांभळा शर्ट नको.’

माझा आनंद डॉक्टरांचा फोन येईपर्यंत टिकला. पाठवताना तिने ‘सगळे पेशंट’ निवडलं होतं. एका आजोबांनी तर दवाखान्यात विचारलं होतं, “पांढरा चालेल का?”

सरांनी दोघांना आत बोलावलं. तिचं इंटर्नशिपचं सर्टिफिकेट जाणार, हे दिसतच होतं.

“सर, मी पाठवला,” मी म्हणालो.

“खोटं बोलतोय. ते पण धड जमत नाही त्याला,” ती म्हणाली. “चूक माझी आहे.”

“पाठवायचा कुणाला होता?”

ती लालबुंद झाली, पण बोट सरळ माझ्याकडे केलं.

सर माझ्याकडे वळले. “पोचला का?”

“पोचला, सर.”

“मग दोघं मिळून डॉक्टरांची माफी मागा. आणि शनिवारी लवकर नीघ. वेळेवर ये म्हणालीये ती.”

सर्टिफिकेट दोघांनाही मिळालं. पुढे बरेच महिने तिने माझ्या इंग्रजीपासून डोसा खाण्यापर्यंत सगळं तपासलं. मग ती शिकायला बंगळुरूला गेली. भांडण नाही, काही नाही; मेसेज विरळ होत थांबले.

पदवी मिळाली त्या दिवशी मात्र मी तिला फोटो पाठवला. अंगात झगा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, आणि झग्याच्या गळ्यातून डोकावणारा जांभळा शर्ट.

उत्तर लगेच आलं. ‘डोळे मिटलेत तुझे.’

थोड्या वेळाने आणखी एक. ‘बाकी चूक सापडली नाही. पोचला का?’